पितळ आणि श्वास : जुन्या टेनर सॅक्सोफोनच्या नादाविषयी

वाद्यांनाही माणसांसारखे वय असते. तंबोरा जुना झाला की त्याचा भोपळा वाळतो, लाकूड मुरते आणि नाद अधिक गोड होत जातो, ही आपल्याकडची जुनी समजूत. इटलीतील क्रेमोना नगरीत तीनशे वर्षांपूर्वी घडलेल्या व्हायोलिनांची महती तर सर्वश्रुत आहे. परंतु पितळेच्या वाद्यालाही जुनेपणाची प्रतिष्ठा लाभावी, हे थोडे नवलाचे आहे. पितळ काही लाकडासारखे मुरत नाही. ते काळवंडते, पोचे खाते, फार तर झिजते. तरीही टेनर सॅक्सोफोनच्या वाट्याला ही प्रतिष्ठा आलेली आहे. १९२० ते १९७० या अर्धशतकात घडवलेले टेनर जगभरचे वादक हुडकत असतात, त्यांच्यासाठी नव्या वाद्याहून अधिक मोल मोजतात आणि ‘जुन्याची सर नव्याला नाही’ असे छातीठोकपणे सांगतात. या म्हणण्यात सत्य किती आणि मोह किती, याचा विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गोव्याहून आलेल्या कॅथलिकांचे पुण्यातील वास्तव्य पेशवाईइतके जुने आहे. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभे राहिलेले क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च त्याची साक्ष देते. लष्कर भागातील, नाना पेठेतील, खडकीतील किती तरी कुटुंबांत एखादे आजोबा किंवा मामा ‘बँडमध्ये होते’ असे आजही अभिमानाने सांगितले जाते. कुणी पलटणीच्या बँडमध्ये, कुणी क्लबातील नृत्यवृंदात, कुणी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत. त्यांच्या मागे उरलेली एखादी काळी, कुलूप गंजलेली पेटी कपाटावर किंवा पलंगाखाली पडून असते. ती उघडावी की विकावी, एवढाच प्रश्न घरातील नव्या पिढीपुढे असतो. त्या पेटीत नेमके काय आहे, हे कळल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता यायचे नाही.

प्रथम वाद्याविषयी. बेल्जियममधील दिनां या गावी १८१४ साली जन्मलेल्या अडोल्फ साक्स या कारागिराने हे वाद्य कल्पिले आणि १८४६ साली पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडमध्ये लाकडी सुषिर वाद्यांची लवचीकता आणि पितळी वाद्यांचा जोर यांच्यात एक दरी होती. ती बुजवणारे वाद्य त्याला हवे होते. म्हणून त्याने शरीर पितळेचे ठेवले, पण तोंडाशी क्लॅरिनेटप्रमाणे वेताच्या पातळ पट्टीची, म्हणजे रीडची, योजना केली. क्लॅरिनेटची नळी सर्वत्र जवळजवळ सारख्या व्यासाची असते. सॅक्सोफोनची नळी मात्र मानेपासून कर्ण्यापर्यंत शंकूसारखी रुंदावत जाते. या एका फरकामुळे दोन वाद्यांचा स्वभावच वेगळा झाला. क्लॅरिनेटच्या खर्जात जो पोकळ, थोडा विरक्त नाद ऐकू येतो, तो सॅक्सोफोनमध्ये नाही. सॅक्सोफोनचा नाद भरीव, उबदार आणि सोप्रानोपासून बासपर्यंतच्या त्याच्या साऱ्या कुटुंबात टेनरच्या ठायी सर्वाधिक मानवी.

‘मानवी’ हा शब्द आम्ही केवळ अलंकार म्हणून वापरीत नाही. टेनरचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे १०४ कंपनांचा आणि त्याच्या नेहमीच्या पल्ल्यातील वरचा स्वर सुमारे ६२२ कंपनांचा असतो. म्हणजे पुरुषाच्या भारदस्त खर्जापासून स्त्रीच्या मध्यम उंचीच्या स्वरापर्यंतचा सारा प्रदेश त्याच्या कवेत येतो. आपण बोलतो, गातो, रडतो, हाक मारतो, ते सारे याच प्रदेशात. त्यातच वादकाचा ओठ रीडला थेट टेकलेला असतो. ओठाचा दाब किंचित ढिला केला की स्वर खाली ओघळतो, किंचित आवळला की चढतो. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात, ती या वाद्याला सहज साधते. दक्षिणेत मंगळुरूकडील कद्री गोपालनाथ यांनी टेनरच्या धाकट्या भावावर, म्हणजे आल्टो सॅक्सोफोनवर, कर्नाटक संगीतातील गमक इतक्या सफाईने उतरवले, की १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स महोत्सवात त्यांना आमंत्रण आले. पाश्चात्त्य बँडचे हे वाद्य भारतीय गळ्याचे अनुकरण करू शकते, हे त्यांनी आयुष्यभर सिद्ध केले.

आता ‘जुना टेनर’ म्हणजे काय, ते पाहू. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत सॅक्सोफोनचे वेड पसरले. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या लहानशा गावात कॉन, ब्यूशर आणि मार्टिन यांचे कारखाने होते. क्लीव्हलंड शहरात किंग या नावाची वाद्ये घडत. फ्रान्समध्ये सेल्मर हे घराणे होते. कॉनच्या टेनरवरील स्वरछिद्रांच्या कडा बाहेर वळवून गोल केलेल्या असत. चौथ्या दशकात निघालेल्या ‘टेन एम’ या नमुन्याचा आवाज रुंद आणि गडद म्हणून नावाजला गेला. सेल्मरने १९५४ साली ‘मार्क सिक्स’ हा नमुना काढला आणि सुमारे वीस वर्षे तो घडवला. बोटांखाली कळा सोयीने बसणे, स्वर जागच्या जागी लागणे आणि नादात गोडवा व धार यांचा समतोल असणे, हे तीनही गुण त्यात एकत्र आले. आजही नवे टेनर घडवणारे बहुतेक कारखाने कळांच्या मांडणीत त्याचेच अनुकरण करतात.

या गुणांभोवती पुढे दंतकथांचे जाळे विणले गेले. महायुद्धातील तोफगोळ्यांची टरफले वितळवून त्या पितळेतून मार्क सिक्स घडवला, म्हणून त्याचा नाद असा, ही त्यांतील एक प्रसिद्ध कथा. अमुक आकड्यापर्यंतच्या अनुक्रमांकाचे वाद्य श्रेष्ठ आणि त्यापुढचे कनिष्ठ, ही दुसरी. मूळचा मुलामा शाबूत असेल तर नाद शाबूत, तो घासून नवा चढवला की नाद गेला, ही तिसरी. वाद्य न ऐकता केवळ त्याच्या पाठीवरचा अंक वाचून त्याची किंमत ठरवणारी एक बाजारपेठच उभी राहिली आहे.

येथे आम्हांला आपल्या श्रद्धाजीवनातील एक गोष्ट आठवते. ख्रिस्तसभा संतांच्या पवित्र अवशेषांचा मान राखते; पण तो मान हाडाचा किंवा वस्त्राच्या तुकड्याचा नसतो, ज्या पावन जीवनाची ती खूण आहे त्याचा असतो. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली अवशेषभक्तीचे समर्थन केले, तेव्हाच तिच्याभोवती साचलेली अंधश्रद्धा आणि तिच्यातून होणारी द्रव्यप्राप्ती दूर झाली पाहिजे, असेही बजावले होते. जुन्या टेनरच्या बाजारात नेमके हेच घडले आहे. संत विसरला गेला आणि हाडाला भाव आला.

पितळेचा महिमा कितपत खरा? १९७१ साली जॉन कोल्टमन या अमेरिकी संशोधकाने एक साधा प्रयोग केला. आतून अगदी सारख्या मापाच्या तीन बासऱ्या त्याने घेतल्या, एक चांदीची, एक तांब्याची व एक लाकडाची. आणि वाद्य दिसणार नाही अशा रीतीने त्या श्रोत्यांना ऐकवल्या. नादावरून धातू किंवा लाकूड कोणते, हे श्रोत्यांना ओळखता आले नाही. सुषिर वाद्यात मुख्यत्वे कंप पावतो तो नळीच्या आतील हवेचा स्तंभ, भिंत नव्हे. म्हणून महत्त्व आहे ते आतल्या आकाराला : शंकू किती वेगाने रुंदावतो, मान कशी वाकली आहे, छिद्रे कोठे व केवढी आहेत, त्यांवर बसणाऱ्या चामड्याच्या गाद्या हवा गळू देतात की नाही. बासरीवरचा प्रयोग सॅक्सोफोनला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे मान्य. तथापि तोफगोळ्यांच्या कथेला त्याने पुष्टी मिळत नाही, हे निश्चित.

मग जुन्या टेनरचा नाद वेगळा वाटतो, हा निव्वळ भास म्हणावा काय? तसेही नाही. जुन्या कारखान्यांनी नळीची जी मापे ठरवली, ती आजच्या मापांहून काही अंशी भिन्न होती. शिवाय त्या काळचे माऊथपीस बहुधा कठीण रबराचे, आतून प्रशस्त आणि गोलाकार पोकळीचे असत. त्यातून निघणारा श्वास पसरत जाई, नाद गोल होई. पुढे विजेच्या गिटारी आल्या, ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहिली. तिच्यापुढे टेनर ऐकू जावा म्हणून आतून अरुंद, उंच छताचे माऊथपीस निघाले. त्यांनी नादाला धार दिली आणि गोलाई घेतली. आज अनेक जण ज्याला ‘जुन्या पितळेचा आवाज’ म्हणतात, तो पुष्कळदा जुन्या माऊथपीसचा आणि जुन्या, कमी गोंगाटाच्या सभागृहाचा आवाज असतो.

परंतु सर्वांत मोठा पुरावा वादकांचाच आहे. कॉनचा ‘टेन एम’ लेस्टर यंगनेही वाजवला आणि डेक्स्टर गॉर्डननेही. लेस्टरचा नाद हलका, हवेशीर, जणू कुणी कानाशी येऊन मृदू बोलत आहे असा. डेक्स्टरचा विशाल, निःशंक, दाराशी उभ्या राहिलेल्या धिप्पाड माणसासारखा. कारखाना एक, नमुना एक आणि वाणी दोन. दोघांत एक धागा मात्र समान होता. गीताचे शब्द ठाऊक असल्याखेरीज ते गीत वाजवू नये, असे लेस्टर मानीत असे. आणि डेक्स्टर तर संथ गीत वाजवण्यापूर्वी त्याच्या शब्दांचे चरण श्रोत्यांना म्हणून दाखवी. या दोघांच्या लेखी टेनर हे गाणाऱ्या माणसाचेच रूप होते. त्याच्या आवाजाचे रहस्य शोधायचे तर पितळ सोडून श्वासाकडे वळले पाहिजे.

ऐकण्याच्या दृष्टीने एक ध्वनिमुद्रण आदर्श म्हणून सांगता येईल. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ हे त्या काळी लोकप्रिय असलेले गीत टेनरवर मुद्रित केले. सारी तबकडी तीन मिनिटांची. पहिल्या काही क्षणांत मूळ चाल ओळखू येते. मग हॉकिन्स ती बाजूला ठेवतो आणि तिच्याखालच्या स्वरसंवादांच्या आधारे स्वतःची नवी रचना विणत जातो. पुण्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात ज्याने एकदा तरी ख्यालाची बढत ऐकली आहे, त्याला बंदिशीच्या मुखड्यावरून निघून विस्तारत जाणारी ही वाट ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की ख्यालगायकाला तासभर मिळतो. हॉकिन्सला तीन मिनिटांत आरंभ, चढ आणि विसावा साधावा लागला. तबकडीच्या शेवटाकडे त्याचा नाद जसजसा फुगत जातो, तसतसा प्रत्येक वाक्याआधी घेतलेला श्वास आपल्याला जाणवू लागतो. बेन वेब्स्टर या दुसऱ्या थोर वादकाच्या संथ गीतांत तर स्वर संपल्यावरही श्वासाची सळसळ रेंगाळते. शेवटी स्वर कोठे संपला आणि उच्छ्वास कोठे उरला, हे सांगता येत नाही. नव्या, लखलखीत मुद्रणात ही सळसळ दोष मानून पुसली जाते. आमच्या मते जुन्या टेनरचे सारे आकर्षण तिच्यातच आहे. कारण तीत माणूस ऐकू येतो, मर्त्य आणि दमणारा माणूस.

आता आपल्या घराकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाने आपला अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला आणि तेथील गोवेकर वादकांना जॅझचे प्रत्यक्ष दर्शन घडले. १९३९ सालापासून पुढे सुमारे दोन दशके ताजच्या वृंदाचे नेतृत्व सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांच्याकडे होते. कावसजी खटाव हे पारशी गृहस्थ ‘रूडी कॉटन’ या नावाने टेनर वाजवीत व त्यांची गणना देशातील आघाडीच्या वादकांत होई. गोव्यातील नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस यांनी टेनर हाती घेऊन कलकत्ता आणि मुंबई गाजवली; १९७० साली निघालेल्या ‘रागा रॉक’ या तबकडीत त्यांनी भारतीय रागांचे स्वर आपल्या वृंदाच्या वादनात आणले.

या मंडळींपैकी गोवेकर वादकांचे शिक्षण झाले कोठे? बहुतेकांचे धर्मग्रामाच्या शाळेत. पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चना जोडून ज्या शाळा चालल्या, तेथे मुलाला अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवली जाई. गायकवृंदाचा मेस्त्री हाच संगीताचा गुरू. मिस्सेत लॅटिन भजने गाणे, व्हायोलिन धरणे, सणाच्या पहाटे गावातून फिरणाऱ्या बँडमध्ये फुंकवाद्य वाजवणे, या क्रमाने मुलगा घडे. चित्रपटसंगीतातील ख्यातनाम व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे वडील माजोर्डा येथील चर्चमध्ये गायकवृंद चालवीत. संगीतकार प्यारेलाल हे या अँथनींचे शिष्य. हॉकिन्सची वाणी गोव्याच्या मुलाला चटकन उमगली, याचे कारण लहानपणी त्याने दीर्घ श्वासावर तोललेले देवालयातील गायन आत्मसात केले होते, असे आम्हांला वाटते. वाद्य एल्कहार्टहून आले असेल. पण त्यात जो श्वास भरला गेला, तो धर्मग्रामाने दिलेला होता.

याचा अर्थ हा वारसा केवळ कॅथलिकांचा, असे मात्र कोणी समजू नये. चित्रपटसंगीतात सॅक्सोफोनचे नाव घराघरात नेले ते मनोहारी सिंग यांनी. कलकत्त्याच्या नेपाळी कुटुंबातील हे वादक १९५८ साली मुंबईस आले आणि २०१० साली निवर्तले. ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधील महंमद रफींच्या आवाजातले मद्यधुंद नायकाचे गीत किंवा ‘आराधना’ (१९६९) मधील किशोरकुमारांचे पावसाळी रात्रीचे गीत आठवा. गायकाच्या शब्दाला उत्तर देणारा सॅक्सोफोन त्यांचाच. पुण्यातही लक्ष्मी रस्त्यावरून गणेश विसर्जनाची मिरवणूक जाते, तेव्हा क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम यांच्या मेळ्यात सॅक्सोफोन कानी पडतोच. हे वाद्य सर्वांचे झाले आहे, आणि ते तसेच असावे.

तरीही चित्रपटाने या वाद्यावर एक अन्याय केला, हे नमूद केले पाहिजे. पडद्यावर मद्याचा पेला दिसला, रात्र झाली, नायिकेच्या जागी नर्तकी आली, की सॅक्सोफोन वाजू लागायचा. वादकांनी आपले काम उत्तम केले. पण दिग्दर्शकांच्या या सवयीमुळे दोन पिढ्यांच्या मनात हा नाद मोहाचा आणि अधःपाताचा नाद म्हणून ठसला. आपल्या समाजातही त्याची छाया पडली. घरातले मूल सॅक्सोफोन शिकू म्हणाले, तर ‘क्लबात वाजवायचे आहे का?’ असा प्रश्न त्याला विचारला गेला. पुढे १९८० नंतर विजेच्या स्वरपेट्यांनी चित्रपटातील मोठे वाद्यवृंद हळूहळू मोडीत काढले, लग्नाच्या मेजवानीत एका माणसाने एका पेटीवर दहा वाद्यांचा भास निर्माण करण्याची रीत पडली, आणि टेनर शिकून पोट भरण्याची वाटही अरुंद झाली. पेट्यांना कुलपे लागली ती अशी.

यातून एक प्रश्न उभा राहतो व तो या नियतकालिकाने टाळू नये. जो श्वास धर्मग्रामाने घडवला, त्याला धर्मग्रामात परत जागा आहे काय?

इतिहास सांगतो की ख्रिस्तसभा या बाबतीत सावध राहिली आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जी आज्ञा काढली, तीत पियानो व ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये देवालयात वर्ज्य ठरवली. बँडला चर्चमध्ये मनाई केली आणि फुंकवाद्यांना केवळ विशेष प्रसंगी, महागुरुस्वामींच्या अनुमतीने, मर्यादित जागा ठेवली. त्या काळी युरोपातील काही देवालयांत नाटकगृहाचे संगीत शिरले होते; त्यामुळे ही कठोरता समजण्यासारखी आहे. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील संविधान घोषित केले. त्यात ऑर्गनचा मान अबाधित ठेवून, इतर वाद्ये पवित्र उपयोगास योग्य असतील किंवा तशी करता येतील, देवालयाच्या प्रतिष्ठेस शोभतील आणि भाविकांच्या उन्नतीस साह्य करतील, तर अधिकाऱ्यांच्या संमतीने ती स्वीकारता येतील, असे म्हटले आहे. याच दाराने आपल्या मराठी मिस्सेत पेटी आणि तबला आले. नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडून पुण्यास आलेल्या कुटुंबांना आज पेटीवाचून भजन सुचत नाही. पेटी हेही मूळचे युरोपातलेच वाद्य आणि तबला तर मैफलीत व कोठ्यांवरही वाजलेला. वाद्याचा पूर्वेतिहास त्याला कायमचा बाटवीत नाही, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत.

टेनरच्या पवित्र उपयोगाची उदाहरणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकी वादकाने व्यसनातून बाहेर पडल्यावर ईश्वराला आभार म्हणून एक रचना अर्पण केली. डिसेंबर १९६४ मध्ये मुद्रित झालेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ती हीच. तिच्या चार भागांपैकी शेवटच्याचे नाव ‘स्तोत्र’ या अर्थाचे आहे. वेष्टनावर कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. आणि त्या शेवटच्या भागात टेनर ती प्रार्थना जवळजवळ शब्दागणिक, अक्षरागणिक म्हणत जातो. मुखाने एक शब्दही उच्चारला जात नाही. प्रार्थना समोर ठेवून हे वादन ऐकणाऱ्याला वाद्य बोलते म्हणजे काय, ते उमजते. दुसरे उदाहरण १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुद्रणाचे. नॉर्वेचा यान गार्बारेक हा वादक चार पुरुषगायकांच्या हिलियर्ड वृंदाबरोबर ऑस्ट्रियातील सेंट गेरोल्ड मठात गेला. गायकांनी मध्ययुगातील आणि प्रबोधनकाळातील लॅटिन भजने गायली आणि गार्बारेकने सोप्रानो व टेनर सॅक्सोफोनवर त्यांच्या भोवती आपला स्वर गुंफला. ‘ऑफिशियम’ या नावाने ते मुद्रण प्रसिद्ध झाले व जगभर ऐकले गेले. आमची त्यावर एक टीका आहे : काही ठिकाणी सॅक्सोफोन इतका सुंदर आहे की भजनावरून लक्ष उडून त्याच्याकडे जाते, आणि उपासनेत हे दूषणच ठरेल. परंतु जेथे तो गायकांच्या श्वासाबरोबर थांबतो आणि पुन्हा उठतो, तेथे तो जणू पाचवा गायक होतो.

यावरून आमचे मत सांगतो. टेनरने मिस्सेत सर्वत्र घुमावे, असा आमचा आग्रह नाही. लग्नाच्या मिस्सेत चित्रपटातली चाल सॅक्सोफोनवर वाजवण्याची जी हौस कधी कधी दिसते, ती आम्हांला मान्य नाही. तेथे देवालयाला सभागृह बनवले जाते. पण ख्रिस्तप्रसादानंतरच्या शांततेत एखादे परिचित भजन एकट्या टेनरने, संथपणे, कोणताही अलंकार न लावता म्हणावे. अंत्यविधीत शब्द सुचेनासे होतात तेव्हा त्याने बोलावे. यात अयोग्य ते काय? अट एकच : वादकाला त्या भजनाचे शब्द पाठ असावेत. लेस्टर यंगने क्लबासाठी जी शिस्त पाळली, ती देवालयात अधिकच पाळली जावी. ज्याच्या मनात शब्द आहेत, त्याचा श्वास योग्य ठिकाणी थांबतो. ज्याच्या मनात केवळ चाल आहे, तो सुरावटीचे प्रदर्शन करतो. एकशे पन्नासाव्या स्तोत्रात शिंगापासून झांजेपर्यंत वाद्यांची यादी येते आणि अखेरीस श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला स्तुतीचे आवाहन केले जाते, हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. वाद्ये आधी सांगितली आहेत. पण शेवटचा शब्द श्वासाचा आहे.

राहता राहिला पेटीचा प्रश्न. ज्या घरात जुना टेनर आहे, त्यांना आमचे सांगणे असे, की त्याचा अनुक्रमांक पाहून हर्षभरित होऊ नये आणि काळवंडलेले पितळ पाहून भंगारातही काढू नये. पुण्याच्या पावसाळी हवेत चामड्याच्या गाद्या ओलसर होऊन चिकटतात व उन्हाळ्यात कडक होतात. अशी पडून राहिलेली वाद्ये हवा गळू लागतात आणि मग ‘आवाज गेला’ असे म्हटले जाते. बहुधा आवाज गेलेला नसतो, गाद्या गेलेल्या असतात. जाणत्या कारागिराकडून त्या बदलून घ्याव्यात, नवी रीड लावावी आणि ज्याला फुंकता येते अशा माणसाकडून एकदा ते वाजवून घ्यावे. एवढे करूनही विकण्याचीच गरज असेल, तर विकावे. गरजेपुढे दोष देता येत नाही. पण घरात किंवा धर्मग्रामात शिकू इच्छिणारे एखादे मूल असेल, तर परदेशी संग्राहकाच्या काचेच्या कपाटापेक्षा त्या मुलाच्या हाती ते वाद्य असणे आम्हांला सर्वथा श्रेयस्कर वाटते. महागडे जुने वाद्य नसले, तरी नव्या साध्या टेनरवर शिकायला आडकाठी नाही. हॉकिन्सने १९३९ साली वाजवलेला टेनर त्या दिवशी ‘जुना’ नव्हता. तो त्याच्या काळचाच होता.

जुन्या पिढीने हे वाद्य आपल्याला दिले, असे आपण म्हणतो. खरे तर त्यांनी दिले ते त्याहून अधिक : स्वरलिपी वाचण्याची सवय, शब्दाचा मान आणि लांब श्वासाची तालीम. यांपैकी काहीही पेटीत कुलूपबंद करून ठेवता येत नाही व त्याला अनुक्रमांकही नसतो. धर्मग्रामांच्या गायकवृंदांनी आणि आपल्या शाळांनी ही तालीम पुन्हा सुरू केली, आठवड्यातून दोन संध्याकाळी का होईना, मुलांना स्वर वाचायला आणि फुंकायला शिकवले, तर त्या पेट्या आपोआप उघडतील. अन्यथा वाद्ये उरतील, पण ती बोलवणारे कोणी उरणार नाही.